काटो खंय तुझो

गिर्येच्या सड्यावर पौषात दंव पडतं ते आधी आरशावर.
दुर्बिणीला टॉवेल गुंडाळते, ओढणी स्वतःला,
आणि मोजत बसते: पंधरा सेकंद उघडं,
मग पुन्हा पंधरा.
पश्चिमेला एलईडीवाले ट्रॉलर
बंदी असून समुद्रावर दिवस करून बसलेत.
त्यांच्याकडे पाठ.

मृगाच्या पोटात, बाणाच्या खाली, तो धुरकट डाग आहे ना,
त्यात एक जोडी आहे.
माझ्या दुर्बिणीलाही ती एकच ठिपका.
सहा दिवस अकरा तासांनी
ठिपका जवळजवळ अर्ध्यावर उतरतो,
तासन्‌तास तसाच राहतो,
आणि वर येतो, काही झालंच नाही असा.
त्या अकरा तासांमुळे एक ग्रहण रात्रीचं, पुढचं दिवसाचं.
दिवसाची मी सूर्याला देऊन टाकलीत.

तिकडे विजयदुर्गावर साहेबाचे कट्टे आहेत,
तिथून म्हणे खग्रास पाहिलं होतं,
पर्यटक वर चढून फोटो काढतात.
माझ्या ग्रहणाला कोणी उपास धरत नाही,
कोणी गरोदरणीला विळीपासून लांब बसवत नाही.

हमीदा मुकादम पडेलच्या दवाखान्यातून येते,
अंगाला डेटॉल, थर्मासात चहा.
आज जुळी होती.
एक चोवीसशे ग्रॅम, एक अठराशे.
कातळावर टेकते, वर बघते, विचारते,
"तू पण वजनच करतस ना? मग काटो खंय तुझो?"

काटा नाही.
शाळेमागचं पटांगण आठव, आपली फुगडी.
तू तेव्हाही भक्कम.
हात गच्च, टाचा जुळलेल्या,
तू जागच्या जागी जराशी डुलायचीस
आणि मी पटांगणभर भिरभिरायचे,
वेणी सुटून तोंडावर.
कोणी कुंपणाबाहेरून नुसती माझी धाव मोजली असती
आणि तुझं डुलणं,
तर कळलं असतं, तू माझ्या किती पट.
तुझं वजन माझ्या वेगात होतं, हमीदा.

वेग लडाखच्या मोठ्या दुर्बिणीनं काढून दिलेत.
वर्णपटातल्या काळ्या रेघा निळ्याकडे सरकतात, तांबड्याकडे सरकतात,
जडाच्या थोड्या, हलक्याच्या लांबवर.
मी देते ते ग्रहण:
कडेला कड लागली कधी, सुटली कधी;
एवढ्या वेगानं एवढे तास, म्हणजे अंग केवढं.
आणि हेही, की त्यांची वाट आपल्याकडे धारेनं आहे,
डोळ्यांसमोर ताट आडवं धरावं तशी.
जरा कलती असती
तर "निदान इतकं तरी" यापुढे वजन सरकलं नसतं.
जोड्या आकाशभर आहेत.
अशा धारेवर येणाऱ्या थोड्या.

वय सांगते तेव्हा ती चहा सांडते:
दहा लाख वर्षं, म्हणजे पाळण्यातली.
थोरला आत्ताच उजेडाची उधळण करतोय,
तोच आधी संपणार.
पण तक्ता म्हणतो, या वयाला, या उजेडाला इतकं वजन हवं,
आणि माझा हिशोब बसत नाही.
धाकट्याचा तर तीनदा केला.

"तक्तो चुकता गो," ती म्हणते, "पोर चुकणा नाय."
म्हणते खरी,
पण अठराशेवाल्याला घेऊन रुग्णवाहिका ओरोसच्या वाटेवर आहे
आणि तिचा फोन कातळावर,
मला उजेड नको म्हणून पालथा.

एक चाळीसला खाडीकडून धुकं आलं,
मोहोराचा वास घेऊन.
आलेखात तिथे भोक राहील.
राहू दे, भरायचं नसतं ते अंदाजानं.
धुकं गेलं तशी आरसा पुसते.
ठिपका अजून खालीच.
हिशोबानं, वर यायला लागायला
एकवीस मिनिटं.
हमीदा फोन उचलते, बघते,
परत पालथा ठेवते.