हेरल्ड, दोन दरवाजे

हिरेनभाई, तुम्ही विचारलंत
गाडीत मूळचं काय काय उरलंय.
दोन दरवाजे. चेसिसचा नंबर.
आणि वळायची ती रीत:
रावपुऱ्याच्या भर रस्त्यात
टांग्याला लागते त्याहून कमी जागेत ती तोंड फिरवायची,
घरी दूध उतू जातंय हे आत्ताच आठवल्यासारखी.

बाकी सगळं आमचं.

डॅशबोर्डला डावीकडे एक भोक सापडेल.
तिथे प्रेशरचा काटा होता, मिलच्या भंगारातला, बॉयलरचा.
त्यावर आकडे तीनशेपर्यंत,
आमचं तेल चाळिसाच्या वर कधी गेलं नाही.
तरी रणधीर माने त्याच्याकडे असा बघायचा
की काटाच ओशाळून जरा हलायचा.

कार्बुरेटरचे दोन झाले ते नवरात्रात.
दांडिया बाजारातली आमची गल्ली गरब्यासाठी बंद,
नऊ रात्री गाडी बाहेर निघणार नव्हती,
म्हणून आम्ही तिला उघडूनच ठेवली.
बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, ठाऊक आहेच तुम्हाला,
विश्वामित्रीतली मगर ऊन खायला जबडा पसरते, तसं.
टायरवर बसायचं आणि हात कोपरापर्यंत आत.
मॅनिफोल्डचं ड्रॉइंग माझं, कलाभवनच्या टेबलावर काढलेलं;
सरांना सांगितलं, पंपाचं आहे.
याकूतपुऱ्यातल्या इब्राहिम खरादींनी ते उलटं धरलं,
मग सुलटं,
म्हणाले, बेन, आ तमे दोर्युं?
आणि पैसे घेतले फक्त धातूचे.

आठव्या रात्री सुरू झाली.
ढोलांच्या दणक्यात कुणालाच ऐकू गेली नाही,
आम्हालाही.
दोघांनी बॉनेटवर तळहात ठेवून खात्री केली.

मागच्या कमानीत एक पाटा कमी आहे.
ती चूक नव्हे, आम्हीच काढलाय.
कारण हालोलचा रस्ता.
जरोदच्या पुढे डाव्या वळणावर मी घाबरून पाय उचलला
आणि मागचं चाक दुमडलं,
मांजर बसताना पाय पोटाखाली घेतं तसं.
दीड गिरकी.
धूळ खाली बसली तेव्हा पावागड मागच्या काचेत होता
आणि आमचं तोंड बडोद्याकडे.
रणधीर म्हणाला, भूक लागली असेल तिला.
शेव-उसळ खातानाही माझे हात थरथरत होते,
तर्री बाहीवर. तो डाग गेला नाही.

खरादींनी सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली.
आ गाडी पाछळथी विचारे छे, बेन.
आगळनां पैडां तो खाली हा पाडे.

तेव्हापासून वळणावर मी पाय उचलत नाही.
पुढे स्कूटर आली, तिच्यावरही नाही.

विकली का, ते तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत.
रणधीरला भिलाईला नोकरी लागली,
त्याचा अर्धा हिस्सा मी घेतला,
बावीसशे रुपये, चार हप्त्यांत.
शेवटची मनिऑर्डर परत आली.
मागून एक पोस्टकार्ड. त्यावर एवढंच:
इंजिन थंड असताना टॅपेट दहावर ठेव.
पत्ता लिहिला नव्हता. पत्ता मला होताच माहीत.

तुम्ही रंग खरवडलात म्हणे.
लालखाली करडा, करड्याखाली फिकट हिरवा.
हिरवा कंपनीचा. तोच द्या,
तिलाही आता शोभेल.
पाटा घाला, भोक बुजवा,
एकच कार्बुरेटर ठेवा, पेट्रोल काय भाव झालंय.

फक्त क्लचच्या पेडलवर सागवानाचा एक ठोकळा आहे,
दोन स्क्रूंवर बसवलेला.
माझी उंची चार फूट अकरा.
रणधीरने न मोजता कापला होता
आणि तो बरोबर बसला.
तुमचे पाय लांब असतील, अडचण होईल.
काढलात तर फेकू नका.
फतेगंजला माझी रविवारी एक फेरी असतेच.