खांद्याची जागा

सपाट नमदा मला दोन वर्षांत जमला.
चटईवर लोकर, वर गरम पाणी, साबण,
गुंडाळा, तुडवा, उलगडा, फिरवा, पुन्हा गुंडाळा.
अफ्योनच्या बाजारात माझ्या बैठका खपत होत्या
आणि मला वाटू लागलं होतं, की आपल्याला येतं.

नुसरेत उस्तांनी एका सकाळी चटईच ओढून घेतली.
"मुअल्ला, आता केपेनेक. धनगराचा झगा.
टाका नाही, शिवण नाही.
सुई दुकानात शिरली की मी बाहेर."

धनगर माझ्याहून वीतभर उंच,
पण लोकर अंथरायची दीडपट माणसाची:
असा एखादा राक्षस, जो पाणी पीत पीत
धनगराएवढा होईल.
किती आकसणार, ते लोकर आधी सांगत नाही.
उस्ता चिमूटभर नाकाशी धरतात आणि आकडा बोलतात.
मी धरते, मला फक्त मेंढी येते.

मध्ये कापड घालायचं.
पोट पाठीला लागलं की उपासमार,
हे झग्यालाही लागू.
कडा मात्र कोरड्या ठेवायच्या, विरळ,
म्हाताऱ्याच्या भुवयांसारख्या.
भिजल्या की त्यांचं मन घट्ट होतं,
मग पलीकडून आलेली लोकर त्यांना कायमची परकी.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
हे मला एका वाया गेलेल्या झग्याने सांगितलं,
जो शिंपल्यासारखा उघडला, दोन्ही कुशींना.

त्यानंतरच्याला खांद्यांवर उजेड दिसत होता.
त्याच्यापुढचा एवढा आकसला
की उस्तांचा नातू तो घालून
दिवसभर भूत होऊन फिरला
आणि संध्याकाळी काढायलाच तयार नव्हता.

पूर्वी हे काम हमामात व्हायचं,
वाफेत, छाती आणि कोपरं लावून.
पुरुषांच्या वेळेत मला जागा नाही,
बायकांच्या वेळेत ओल्या लोकरीला नाही.
मी घरामागे तांब्याची कढई लावली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आधी लाल झाली,
मग जाड, मग मला तिचा विसर पडला.
रेटताना श्वास आपोआप मोजला जातो.
शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली,
"कोणाला मारतेस गं एवढं?"

एक क्षण येतो तळहाताखाली.
तोवर लोकर निसटत असते, ओल्या माशासारखी,
आणि मग निसटत नाही.
नेमका कधी, ते मला अजून पकडता आलेलं नाही,
दरवेळी तो होऊन गेल्यावरच कळतो.
"चिमटा घे," उस्ता म्हणतात.
"एक केस उठला तर कच्चा.
सगळं अंग उठलं तर झाला."

नोव्हेंबरात एकाचं सगळं अंग उठलं.
वाळायला दाराशी ठेवला, तर तो उभा राहिला.
आत काठी नाही, माणूस नाही,
खांदे ताठ, गळा उघडा, रस्त्याकडे तोंड.

दिवेलागणीला दुराली आला, डोंगरावरून,
बर्फाच्या आधी झगा न्यायला.
दारात थांबला.
"सलाम अलैकुम," म्हणाला झग्याला.
झगा गप्प.
उस्तांनी शेगडीपाशी मान खाली घातली,
त्यांचे खांदे हलत होते.
दुराली पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने,
बहिऱ्याला म्हणावं तसं,
आणि मग हात पुढे करून हात मिळवायला गेला,
तर हात मिळेना.

तो स्वतःवरच खूप हसला.
मग किंमत विचारली आणि हसू आवरलं.
उस्तांनी आकडा सांगितला, त्याने निम्मा केला,
चहा आला, गार झाला, दुसरा आला.
जाताना तो झग्यात शिरला, वाकून,
तंबूत शिरावं तसा,
आणि गल्लीच्या वळणापर्यंत
मला माझेच खांदे जाताना दिसत राहिले.

डावा बोटभर जाड आहे.
दुराली काही म्हणाला नाही.
उस्ता म्हणाले, पण तो दिसेनासा झाल्यावर.