तीनशे बारावं वाक्य

बारिपद्याहून दीड तास, सालाचं रान लागायच्या अलीकडे,
बंद पडलेल्या सोसायटीच्या खोलीत
ब्लॉक ऑफिसने मोडीत काढलेले सात संगणक.
सहा चालायचे. सातव्यावर चहाचे पेले ठेवायचे.

मी गेलो होतो फक्त फॉन्टसाठी.
ओल चिकीतलं एक टिंब आपलं अक्षर सोडून
शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं,
त्याला घरी आणायला तीन आठवडे.
बाकी सगळं काम सालगे हांसदाचं.
ती शाळेत गणित शिकवायची, सायकलवरून यायची.
चौदाशे वाक्यं तिनं वहीत उतरवून घेतली होती,
कारण वीज जाते, वही जात नाही.

खिडकी उघडा, असं एक वाक्य होतं.
ती म्हणाली, आमच्या जुन्या घरांना खिडक्या नसतातच.
भिंत असते, खाली काळा पट्टा, वर गेरू.
आणि दार.
तासभर वाद. मग बाजुन बेसरा म्हणाला, दुआर लिहा.
पडद्यावर एकावर एक चार दारं उघडली
आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोल्डरला सापडली बांदी,
पेंढ्याच्या दोरानं आवळलेली भाताची कणगी.
डिलीटला मिळालं गिडी, म्हणजे फेकून दे.
ते इतकं सरळ होतं की सालगेनं पुढे जोडलं:
बियाणं तर नाही ना त्यात?
बटणात मावेना, म्हणून काढलं.
वहीत अजून आहे.

मला विचारलं, तुमच्यात सेव्हला काय म्हणतात?
जतन करा, मी म्हणालो,
आणि माझाच शब्द मला
पहिल्यांदा नीट ऐकू आला.
मी स्वतः सगळं इंग्रजीत वापरतो,
हे तिला सांगितलं नाही.

सुरुवातीच्या पडद्यावर त्यांनी लिहिलं: बोलो.
संथाळीत बोलो म्हणजे आत ये, उंबरा ओलांड.
माझ्या मराठी कानाला ते रोज
बोल, असंच ऐकू यायचं.
मी दोन्ही करत नसे.
टिंब सरकवत बसे.

तीनशे बाराव्या वाक्यावर बाजुन अडला.
प्रिंटरमधला कागद संपला आहे.
कुठला प्रिंटर? वीस कोसांत नाही. सोड ते.
सालगे म्हणाली, पाहुणा आला नाही
म्हणून पाण्याचा लोटा कुणी मोडीत घालत नाही.
वीज गेलेली होती.
मोबाइलच्या उजेडात तिनं ते तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.

मी परत आलो. पुढं आवृत्ती बदलली,
दोनशे वाक्यं एका रात्रीत शिळी झाली,
सालगेनं ती पुन्हा केली.
पगार कुणालाच नव्हता. तिला तर
शाळेतल्या पगारातून इंटरनेट भरावं लागे.

दोन वर्षांनी बाजुनचा फोन.
कुठल्याशा योजनेतून प्रिंटर आलाय.
बचत गटाची यादी छापताना मध्येच थांबला.
कुणी वायर हलवली, कुणी पाठीत थाप मारली,
बाजुननं स्क्रू काढायला घेतले.

कोपऱ्यात कापरा बुढी होती,
पासष्टीत रात्रशाळेला बसलेली.
तिच्या अक्षरांत अत म्हणजे जमीन, उद म्हणजे अळंबी,
इर म्हणजे विळ्यानं कापणी;
तिला आधी शेत दिसतं, मागून आवाज.
ती पडद्याजवळ गेली. बोट ठेवलं.
एकेक अक्षर, ओठ हलवत, शेवटपर्यंत.
कुणाला काही बोलली नाही.
कपाट उघडलं
आणि कागदाचा गठ्ठा घेऊन आली.

उलटा घातला तिनं, बाजुन सांगत होता,
पण ते जाऊ दे.