आडवा उजेड

इझमीरच्या बुजा भागात एकवीस वर्षं
मी भिंतींना गिलावा करतो.
आमच्यात एक रीत आहे. भिंत सुकली की
दिवा समोरून धरायचा नाही.
समोरून सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात.
दिवा भिंतीला खेटून, कडेनं, आडवा लावायचा.
मग थापी कुठं घसरली, कोण घाईत होता,
कुणाचा हात जेवणानंतर जड झाला,
सावली सगळं बोलून टाकते.

म्हणून डॉक्टर न्यूखेतबाईंनी खोली अंधारी करून
माझ्या गालाला खेटून बारका दिवा धरला, तेव्हा
मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे टाचणीनं टोचल्यासारखे, अरुंद, खोल.
यांत काडीनं आम्लाचा एकेक थेंब.
पांढरं पडेल, खपली धरेल, तळ हळूहळू वर येईल.
हे उभ्या काठाचे. यांना लेसर.
पण त्यानंतर ऊन नको, निदान सहा आठवडे."

जुलैत मी परांचीवर असतो, चौथ्या मजल्याला.
मला ऊन नको म्हणणं म्हणजे
माशाला सांगणं, जरा कोरडा राहा.
"मग हिवाळ्यात या," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

"लांबी भरता येत नाही का?"
"येते. वर्षभर टिकेल."
वर्षभर टिकणारी लांबी मी भाड्याच्या खोल्यांत भरतो,
घरमालकाच्या सांगण्यावरून.
नको म्हटलं.

मग त्यांनी डाव्या गालावर बोट टेकलं.
तिथं तीन आहेत, रुंद, उथळ, बशीसारखे.
"इथं काही कमी पडलेलं नाही," त्या म्हणाल्या.
"कातडी खालून दोऱ्यांनी ओढून धरली आहे.
सुई आडवी घालायची, दोरे कापायचे."

मी गप्प बसलो.
सतराव्या वर्षापासून मी समजत होतो
की माझ्यातून काहीतरी खरवडून गेलंय.
आईनं लिंबू चोळलं, राख चोळली,
एर्झुरुमच्या छावणीत मला चाळणी म्हणायचे,
लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझा उजवाच गाल आहे.
आणि आत दोरे होते. नुसते दोरे.

"फरक किती पडेल?"
"अर्धा. नशीब असेल तर अर्ध्याहून थोडा जास्त.
लहान मुलासारखा गाल कुणी देतो म्हणाला
तर त्याच्या दारात जाऊ नका."
हे मला पटलं. जुन्या दगडी घरांच्या मालकांना
मीही कधी सरळ भिंतीचा शब्द देत नाही.

त्या लिहायला वळल्या. दिवा टेबलावर कलंडला
आणि उजेड मागच्या भिंतीवर सांडला.
बटणाशेजारी वीतभर फुगवटा,
खाली लाटा, समुद्र लाजेल अशा.
"ही कुणी केली?"
"माझ्या मेहुण्यानं."
"दिसतंय."
तेव्हा मात्र हसल्या.

शनिवारी सुई आत फिरली.
बधिर गालातून दुखणं नाही आलं, आवाज आला,
कानाच्या आतल्या बाजूनं,
ओली सुतळी तुटावी तसा. एक. मग कितीतरी.

सोमवारी एर्दिंच चुन्याची बादली घेऊन तसाच उभा.
"उस्ता, कुणी मारलं?"
"एका बाईनं. पैसे मीच दिले."
त्यानं बादली खाली ठेवली, पुढं विचारलं नाही.

रविवारी दवाखाना बंद असतो.
मी फुगवटा खरवडला, पाणी मारलं, दोन हात दिले.
न्यूखेतबाई खिडकीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या,
टरफलं कागदात, एकही खाली नाही.
संध्याकाळी दिवा आडवा लावला.
भिंत काही बोलली नाही.

मग त्यांनी तो उचलून माझ्या गालाजवळ आणला,
बराच वेळ धरला.
"सूज उतरू दे," म्हणाल्या,
"आत्ता काही सांगता येत नाही."