मूळ आणि कूळ

आमच्याकडे म्हणतात,
नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ
विचारू नये.
तार्तूत मारिका उनापूला
पगार त्याचाच मिळतो.

तिच्या पडद्यावर गणित पसरलेलं असतं :
ठिपके म्हणजे संकल्पना, मधे बाण.
'भागाकार'पासून 'अपूर्णांक'कडे एक बाण,
त्यावर लिहिलेलं : आधी हवं.
ज्याला भागाकार येत नाही
त्याला सगळ्या देशातल्या शाळांत
हा बाण पाव आणि अर्ध्याच्या दारात थांबवतो.

परवा व्होरूहून एका शिक्षिकेचा फोन :
"माझा ओट्ट राईचा पाव
चौघांत अचूक वाटतो.
त्याला अडवतंय कोण?"

कोण?
मारिका बाणाचं शेपूट धरून उलटी निघाली.
बाण आला पोर्टलवरून,
पोर्टलवर दोन हजार नऊच्या पीडीएफमधून,
पीडीएफमध्ये एका पाठ्यपुस्तकातून,
ज्याची उरलेली प्रत तळघरात, ओल धरलेली.
तिच्या तळटीपेत एक पुस्तिका.
पुस्तिकेत : 'अनुभवी शिक्षकांच्या मते'.

अनुभवी शिक्षक मोजून एक.
रूह्नू बेट, मुलं सात,
हेल्वेबाईंची वही, जांभळी शाई,
सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी :
'बर्फामुळे बोट नाही. कंपासपेट्या आल्या नाहीत.
वर्तुळं कशानं काढू?
तोवर भागाकार घेते.'

बस.
सात मुलांपुरती केलेली सोय
हातोहात वर चढत नियम झाली.
उतरवून घेताना प्रत्येकानं
बोट तेवढी गाळली.

बाण पुसायला समिती लागते,
समिती मे महिन्यात.
मारिकानं उगमाची नोंद तरी भरली.
कर्ता : हेल्वे, शिक्षिका. स्थळ. काळ.
'कारण' असा रकानाच नव्हता.
तो तिनं आखला आणि लिहिलं : बर्फ.

यंत्र म्हणालं, हा प्रकार ओळखीचा नाही.
व्यक्ती? संस्था? दस्तऐवज?

ती उत्तर न देता बसून राहिली.
मग वहीचं पुढचं पान उलटलं,
जे आजवर कुणी उतरवून घेतलं नव्हतं :

'चार मार्च. पेट्या आल्या.
दिवसभर नुसती वर्तुळं, अर्धी, पाव.
भागाकार कुणाला आठवलासुद्धा नाही.
अंधार पडला तरी
मुलं घरी जाईनात.'