अस्तर

टीव्हीवर लूत्सियान आला की
माझा नवरा आवाज बंद करायचा, चित्र तसंच ठेवायचा.
"आलं बघ नाताळचं झाड."
मी हसायचे, बटाटे सोलता सोलता,
कारण हसण्यासारखंच होतं ते:
खांद्यांवर पंख, पापण्यांवर चांदी,
टाचा इतक्या उंच की चालताना
बर्फावरचं बदक दिसायचा.

खिडकीखाली वूच शहर. गिरण्यांची धुराडी,
मांसासाठी पहाटे चारपासून रांग,
रांगेत माझ्या जागी ठेवलेली एक पिशवी.
असल्या दिवसांत माणसानं एवढं चमकू नये,
इतकंच माझं म्हणणं होतं.

फेब्रुवारीत त्याचा झगा आमच्या सरकारी लाँड्रीत आला,
तपकिरी कागदात, सुतळीनं बांधलेला.
पावतीवर लिहिलं होतं:
डाव्या काखेत उसवलंय. सावकाश.
"तुझा पाहुणा आलाय गं," बोगुमिवा म्हणाली.
मी नाक मुरडतच तो उलटा केला.

उलटा केला आणि थांबले.

अस्तर हॉस्पिटलच्या चादरीचं होतं.
शिक्का अजून वाचता येत होता, वॉर्ड सात.
टिकल्या म्हणजे टिकल्या नव्हत्याच:
गोळ्यांच्या पाकिटांची चांदी,
दुधाच्या बाटल्यांची झाकणं,
कात्रीनं गोल कापलेली, प्रत्येकीला सुईची दोन भोकं.
पिसं कोंबड्याची, जांभळ्या शाईत बुडवलेली.
मी मोजायला लागले. एका खांद्यावर चारशे बारा.
पुढे सोडून दिलं.
हात शिकलेला नव्हता, हट्टी होता.
जिथे धागा तुटला तिथे गाठ,
गाठ सुटली तिथे गाठीवर गाठ.
कॉलरच्या आत घामाचं मीठ, पांढरी रेघ,
भरती ओसरल्यावर वाळूवर राहते तशी.
आणि एका जागी तपकिरी ठिपका, सुई बोचल्याचा.
असे माझे किती ठिपके
या शहरातल्या कोटांच्या आत आहेत,
कोणी कधी उलटे करून पाहिलेत?

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात,
पैशाचं सोंग आणता येत नाही.
यानं तेही आणलं होतं.
दुधाच्या झाकणांतून.

शुक्रवारी न्यायला स्वतःच आला. मी ओळखलं नाही.
ठेंगणा, सर्दीनं नाक लाल,
चष्म्याची काडी तारेनं बांधलेली.
टोपी काढली त्यानं. आमच्या खिडकीशी कोणी काढत नाही.
काख उलटी करून पाहिली,
टाक्यावरून अंगठा फिरवला, एकदा, हलकेच.
"हा तुमचा?"
"हो."
"आता शेजारचे माझे ओशाळणार."
यावर काय बोलायचं असतं?
मी म्हटलं, "धागा दुहेरी घेत जा. आणि मेण लावा."
त्यानं पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून घेतलं:
मेण.

एप्रिलमध्ये तिकीट काढलं, क्रीडागृहातलं, मागच्या रांगेतलं.
नवऱ्याला सांगितलं, बोगुमिवाचे गुडघे दुखतायत.

आवाज त्याचा यथातथाच. आजही म्हणेन.
वरच्या सुरात तुटतो,
मग तिथेच गाठ मारून पुढे जातो.
गाण्यांतलं मला फारसं कळत नाही, प्रेम वगैरे होतं काहीतरी.
पण शेवटी त्यानं हात उचलले, दोन्ही,
डावासुद्धा पुरता, कानाच्याही वर,
चादर, चांदी, कोंबडा, सगळं उघडून,
आणि पोरीबाळी किंचाळल्या,
आणि सगळं क्रीडागृह त्याच्या तोंडाकडे बघत असताना
मी खुर्ची घट्ट धरून
एकटी त्याच्या काखेकडे बघत होते.

धरला.

घरी आले तर नवरा दूध ओतून घेत होता.
झाकण चुरगाळणार, तेवढ्यात म्हटलं, "थांब, दे इकडे."
"कशाला?"
"असू दे."
टेबलावर ठेवून नखानं सपाट करत बसले,
कडेपासून मधोमध,
दिव्याखाली ते अधूनमधून लखलखायचं.