दशांशचिन्हानंतर तीन घरं

जुफेरमधलं हॉटेल, दुसरा मजला, गुरुवारची रात्र.
दाराशी टेबल, टेबलावर पैशांची पेटी, पावतीपुस्तक,
आणि खुर्चीत मी, परुळेकर,
जिला मनाम्यात सगळे मिस पारुल म्हणतात
आणि चौदा वर्षांत मी ते दुरुस्त केलेलं नाही.

आत मेजवानी,
काळ्या अमेरिकन दुकानदारांच्या मदतीसाठी.
कुणी नौदलातून निवृत्त होऊन इथेच राहिलं,
कुणी शाळेत शिकवायला आलं, आणि शाळा सोडून
भाड्याच्या गाळ्यात शिवणयंत्र मांडलं.
क्लीओफस टब्सचं सलून, तीन खुर्च्या.
ओनिता बेल्सचं केसांचं तेल,
बाटलीवरचं लेबल हाताने चिकटवलेलं, जरासं तिरकं.
व्हर्लीन गेदर्सची बेकरी, भट्टी एक, तीही रुसणारी.
असे नऊ जण.
बँकेने नऊही जणांना एकच विचारलं होतं:
तारण काय?

स्टेजवर सोनेरी टायवाला बोलत होता.
'चिकाटी' हा शब्द सतरा वेळा आला
(मोजणं ही माझी खोड).
त्याच्यामागे बर्फाचा हंस
हळूहळू बदक होत चालला होता.

मग लिलाव.
टब्सची पहिली खुर्ची, हातावरचं कातडं फाटलेलं,
चारशे दिनारला गेली.
घेणाऱ्याने टाळ्या घेतल्या, खुर्ची नाही घेतली.
म्हणाला, उद्या माणूस पाठवतो.

व्हर्लीन बशी घेऊन दाराशी आली.
"पाय घे," म्हणाली तिच्या इंग्रजीत,
आणि मला इतक्या वर्षांनीही
त्या शब्दाला हसू फुटलं.
आत काय आहे विचारलं, तर रताळं.
रताळं! आणि आज संकष्टी.
कडेचा मैदा सोडला, मधलं तेवढं खाल्लं,
दालचिनीचा आणि अंड्याचा प्रश्न
गणपतीवर सोपवला.
चंद्रोदय नऊ बावन्नला होता.

साडेअकराला हॉल रिकामा.
मी बेरीज मांडली.
जमा: सहा हजार दोनशे.
हॉल, फुलं, व्हायोलिनवाले, हंस:
चार हजार नऊशे पंधरा, साडेसातशे फिल्स.
(हंसाची मान गळून पडली होती. बिल अख्ख्या हंसाचं.)
उरले बाराशे चौऱ्याऐंशी, अडीचशे फिल्स.
भागिले नऊ.

इथे दिनाराचे हजार फिल्स होतात,
दशांशचिन्हानंतर तीन घरं भरावी लागतात,
गरिबी जरा जास्त बारकाईने लिहिता येते.
एकशे बेचाळीस दशांश सहा नऊ चार.

व्हर्लीनने आकडा पाहिला.
"यात भट्टीचं दारसुद्धा येत नाही."
मी म्हटलं, वाटू नका. भिशी लावा.
सगळे एकाला द्या,
मग दर महिन्याला सगळे घाला, दर महिन्याला एक उचला.
समजावायला पेन घेतलं, तोच ती म्हणाली,
माहीत आहे गं, माझ्या आजीचं होतं,
चर्चच्या तळघरात, बुधवारी,
चरबीच्या रिकाम्या डब्यात.
नाव काय होतं त्याचं?
नाव? ती थांबली.
नाव नव्हतं. नुसतं 'आपलं' म्हणायचे.

सोडतीच्या उरलेल्या तिकिटांच्या पाठीवर नावं लिहिली.
टब्सची टोपी फिरवली.
चिठ्ठी निघाली ओनिताची.
व्हर्लीनने एक शिवी हासडली,
मग ओनिताला इतकं घट्ट धरलं
की दोघींचं एकच वजन झालं.

तरी चार फिल्स उरतच होते.
बेचाळीस, सहाशे चौऱ्याण्णव, गुणिले नऊ,
परत केलं, पुन्हा केलं.
एवढंसं नाणं कुणी मोडून देत नाही.
कुणाच्या नावावर टाकायचे?
वहीत दहावी ओळ आखली,
नावाची जागा रिकामी ठेवली,
तिच्यापुढे लिहिलं: शून्य दशांश शून्य शून्य चार.

चंद्र बघायचा राहिलाच होता.
जिन्याकडे गेले तर खाली लॉबीत
टब्स बसलेला, आपल्याच विकलेल्या खुर्चीत,
बुटांचे बंद सोडत.